न्यू जर्सीचा स्टेट प्रोजेक्ट: चौथीतल्या मुलाबरोबर कसा करावा

न्यू जर्सीत मूल चौथीच्या आसपास आलं की शाळेतून एक कागद घरी येतो. आपल्या राज्यावर प्रोजेक्ट करून आणा: राजधानी, नकाशा, झेंडा, पक्षी, फूल, झाड, थोडा इतिहास. आई-बाबा दोघंही कामावर, त्यामुळे तो कागद पुष्कळदा भारतातून आलेल्या आजी-आजोबांच्या हातात पडतो. 'आम्हाला काय कळणार अमेरिकेतलं' म्हणून बरेच जण मागे सरतात. कृपा करून सरू नका. माझी उभी नोकरी सांगलीत भूगोल शिकवण्यात गेली आणि आता लेकीकडे मिडलसेक्स काउंटीत राहून नातीचे आणि शेजारच्या मुलांचे हे प्रोजेक्ट मी बघते. मराठी शाळेत शिकलेल्या माणसाला यातलं काहीही अवघड नाही. फक्त कशाच्या मागे लागायचं आणि कशाच्या नाही, ते आधी ठरवावं लागतं.

माझं म्हणणं एकच आहे. राज्याचा पक्षी, फूल, किडा या गोष्टी आपोआप ठरत नाहीत. कुणीतरी मागणी करतं, कुणीतरी विधेयक मांडतं, सभागृहात मतदान होतं, गव्हर्नरची सही होते आणि मग ते प्रतीक होतं. आणि न्यू जर्सीत अशी मागणी करणाऱ्यांत शाळेतली पोरं होती, तीही एकदा नव्हे. हे मुलाला कळलं की प्रोजेक्टचा रंगच पालटतो. म्हणून प्रत्येक प्रतीकाला तीन प्रश्न विचारायचे: कुणी मागितलं, का मागितलं, कधी मंजूर झालं. पंधरा चित्रं डकवून पंधरा नावं लिहिण्यापेक्षा तीन प्रतीकांची पूर्ण हकीकत केव्हाही सरस.

आधी माहितीची वाटणी

शाळेच्या कागदाबरोबर बहुतेक वेळा गुणांचा तक्ता असतो, रुब्रिक म्हणतात त्याला. तो मुलाकडून मोठ्यानं वाचून घ्या. नकाशाला किती गुण, बोलण्याला किती, हे बघून वेळ वाटून घ्या. मुलं सगळा शनिवार शीर्षकाची अक्षरं रंगवण्यात घालवतात आणि नकाशा रविवारी रात्री होतो.

मग माहितीचे दोन भाग करा. एक न बदलणारी, एक बदलणारी.

न बदलणारी थोडकी आहे. राजधानी ट्रेंटन, सगळ्यात मोठं शहर न्यूअर्क, काउंटी, म्हणजे इथले जिल्हे, २१. विधिमंडळाच्या सेनेटमध्ये ४० आणि जनरल असेंब्लीत ८० जागा. १८ डिसेंबर १७८७ रोजी न्यू जर्सीनं अमेरिकेची राज्यघटना मंजूर केली आणि असं करणारं ते तिसरं राज्य ठरलं. पुढे २० नोव्हेंबर १७८९ रोजी नागरिकांच्या हक्कांची सनद, म्हणजे बिल ऑफ राइट्स, मंजूर करणारं ते पहिलं राज्य. साल लिहिताना मुलांचा गोंधळ उडतो, कारण राज्याच्या मुद्रेवर १७७६ आहे. ते साल स्वातंत्र्याचं. त्याच वर्षी २ जुलैला न्यू जर्सीनं स्वतःची पहिली राज्यघटना स्वीकारली. ट्रेंटन राजधानी झालं १७९० साली. ही चारही सालं एका ओळीत, प्रत्येकापुढे कारण लिहून मांडली की गोंधळ संपतो.

त्या १७७६ च्या घटनेबद्दल एक गोष्ट मुलींना मी आवर्जून सांगते. मताचा हक्क कुणाला, तर ५० पौंडांची मालमत्ता असलेल्या 'सर्व रहिवाशांना', असं तिच्यात लिहिलं होतं. त्या शब्दांच्या आधारावर न्यू जर्सीत अविवाहित आणि विधवा स्त्रिया, तसेच स्वतंत्र कृष्णवर्णीय लोकही मत देत. १८०७ साली कायदा करून तो हक्क काढून घेतला. पुस्तकात याला जेमतेम दोन ओळी मिळतात. प्रोजेक्टच्या बोर्डवर स्वतंत्र चौकट द्या.

बदलणारी माहिती म्हणजे गव्हर्नरचं नाव, लोकसंख्या, नगरपालिकांची संख्या. यांच्यापुढे साल लिहिल्याशिवाय आकडा टाकायचा नाही, ही सवय आत्ताच लावा. २०२० च्या जनगणनेत राज्याची लोकसंख्या ९२,८८,९९४ होती. लोकसंख्येत राज्य अकरावं, पण घनतेत देशात पहिलं: दर चौरस मैलाला १,२६३ माणसं. मुलाला हा आकडा कळत नाही, आपल्यालाही पटकन कळत नाही. चौरस किलोमीटरमध्ये काढला तर तो ४८८ च्या आसपास येतो. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राची घनता ३६५ होती. म्हणजे न्यू जर्सी महाराष्ट्रापेक्षा दाट वस्तीचं आहे. भारतातून आलेल्या माणसाला इथले रिकामे फुटपाथ बघून हे खरं वाटत नाही, पण आकडे तसे आहेत आणि वर्गात सांगितल्यावर सगळे कान टवकारतात.

क्षेत्रफळात एक अडचण येते. एका ठिकाणी राज्याचा ४७ वा क्रमांक दिसतो, दुसरीकडे ४६ वा. दोन्ही बरोबर आहेत. पाण्यासकट मोजलं तर ८,७२२ चौरस मैल आणि क्रमांक ४७ वा. नुसती जमीन मोजली तर सुमारे ७,३५४ चौरस मैल आणि क्रमांक ४६ वा, कारण तेव्हा हवाई मागे पडतं. मुलानं कुठला आकडा घेतला ते शेजारी लिहावं. आणि आजी-आजोबांसाठी सांगते: ही जमीन म्हणजे आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यापेक्षा थोडीशीच जास्त.

गव्हर्नरचं नाव जुन्या पुस्तकातून कधीच उतरवू नका. राज्य सरकारच्या संकेतस्थळावर त्याच दिवशी बघा आणि खाली तारीख टाका.

नकाशा हातानं काढा

छापील नकाशा डकवू देऊ नका. या राज्याचा आकार काढायला सोपा आहे आणि काढता काढता निम्मा भूगोल शिकून होतो.

कागद उभा धरा. राज्याची लांबी सुमारे १७० मैल, रुंदी जास्तीत जास्त ७० मैल, म्हणजे चौकट साधारण अडीचास एक. आता मुलाला सांगा, फूटपट्टी फक्त एकदा वापरायची. उत्तरेची, न्यूयॉर्क राज्याला लागून असलेली हद्द तेवढी जमिनीवरची आणि जवळजवळ सरळ आहे. ती वरच्या डाव्या कोपऱ्यातून उजवीकडे खाली तिरकी येते. बाकी सगळ्या कडा पाण्यानं कोरलेल्या आहेत, त्या हातानंच वळवायच्या: पश्चिमेला डेलावेअर नदी, दक्षिणेला डेलावेअर उपसागर, पूर्वेला अटलांटिक महासागर आणि वर हडसन नदी. डेलावेअर नदी आधी दक्षिणेकडे येते, मध्ये पोटात शिरते आणि ट्रेंटनपाशी पुन्हा बाहेरच्या बाजूला वळते. त्या आत गेलेल्या पोटामुळेच राज्याला कंबर आली आहे.

मग ठिपके. अगदी वायव्य कोपऱ्यात हाय पॉइंट, राज्यातलं सर्वांत उंच ठिकाण, १,८०३ फूट. कमरेवर नदीकाठी ट्रेंटन. ईशान्येला न्यूअर्क. फिलाडेल्फियासमोर कॅम्डेन. आग्नेय किनाऱ्यावर अटलांटिक सिटी, जिथे १८७० साली समुद्रकाठचा लाकडी बोर्डवॉक बांधला. तळाच्या टोकाला केप मे. आपलं गाव ठळक करा. २१ काउंट्यांच्या सीमा काढायच्या भरीस पडू नका, आपली आणि शेजारच्या दोन-तीन पुरे.

आता नकाशावरची सगळ्यात महत्त्वाची रेघ, जी मुलांच्या पुस्तकात फिकट तरी असते किंवा नसतेच. ट्रेंटनपासून ईशान्येला न्यूअर्ककडे एक तिरकी तुटक रेघ ओढा. तिच्या वर कठीण खडक, टेकड्या आणि डोंगररांगा. खाली किनारी मैदान: वाळू, चिकणमाती, पाणथळ जागा. राज्याचा सुमारे तीन-पंचमांश भाग या मैदानात येतो. कठीण खडकावरून मऊ जमिनीवर उतरताना नद्यांना धबधबे आणि खळाळ येतात. खालून येणारी जहाजं तिथे थांबत, गिरण्यांना तिथे पाणी मिळे. ट्रेंटन वसलं ते याच रेघेवर. ही रेघ नीट काढून ठेवा, कारण पुढची दोन सगळ्यात चांगली प्रतीकं तिच्या खालच्या मातीतून आलेली आहेत.

झेंडा रंगवताना

न्यू जर्सीचा झेंडा फिकट बदामी-पिवळसर रंगाचा असतो, बफ म्हणतात त्या रंगाला. खडूच्या पेटीत हा रंग नसतो. पिवळ्याचा अगदी हलका थर देऊन त्यावर तपकिरी पेन्सिल आडवी धरून हळूच फिरवली की जमतो. रंगामागे कारण आहे. १७७९ साली जनरल वॉशिंग्टननं न्यू जर्सीच्या सैनिकांसाठी गडद निळे कोट आणि त्यांना बफ रंगाच्या पट्ट्या ठरवून दिल्या. विधिमंडळानं १८९६ साली झेंडा स्वीकारला तेव्हा तेच रंग घेतले.

मधलं चित्र मात्र १७७७ सालचं आहे, प्येर यूजीन द्यू सिमितिएर या चित्रकारानं राज्याच्या मुद्रेसाठी केलेलं. मुलं हे चित्र बघूनच घाबरतात, इतकं त्यात भरलेलं आहे. मधून बाहेर काढत गेलं की सोपं जातं. आधी निळी ढाल आणि तिच्यावर एकाखाली एक तीन नांगर. शेतीचं राज्य म्हणून. ढालीवर समोर तोंड केलेलं शिरस्त्राण; समोर बघणारं शिरस्त्राण म्हणजे आम्ही कुणाच्या हाताखाली नाही. त्याच्यावर घोड्याचं डोकं. मग दोन बाजूंना दोन स्त्रिया. आपल्या डाव्या हाताला स्वातंत्र्यदेवता, तिच्या काठीच्या टोकावर पुढे झुकलेली टोपी. रोममध्ये गुलामगिरीतून सुटलेल्या माणसाला अशी टोपी मिळे. उजवीकडे धान्याची देवता सेरेस, फळाफुलांनी भरलेलं शिंग घेऊन. खाली रिबीन: 'लिबर्टी अँड प्रॉस्पेरिटी', म्हणजे स्वातंत्र्य आणि समृद्धी, आणि १७७६ हा आकडा.

माझी नात म्हणाली की आजी, या दोघींमुळे बोधवाक्य वाचायचीच गरज नाही, एक स्वातंत्र्य आणि एक समृद्धी. मी इतक्यांदा ते चित्र दाखवलं होतं, पण इतकं नेमकं कधी सांगितलं नव्हतं. तिचं वाक्य तसंच्या तसं बोर्डवर गेलं. तुमच्या मुलानं असं काही म्हटलं तर शब्द न बदलता लिहून ठेवा.

प्रतीकं: कोणती निवडायची

कायदेशीर यादी मोठी आहे. पक्षी गोल्डफिंच (१९३५), झाड नॉर्दर्न रेड ओक (१९५०), फूल व्हायोलेट, किडा मधमाशी (१९७४), प्राणी घोडा (१९७७), नृत्य स्क्वेअर डान्स (१९८३), डायनासोर हॅड्रोसॉरस (१९९१), शिंपला नॉब्ड व्हेल्क (१९९५), फळ ब्लूबेरी, सरपटणारा प्राणी बॉग टर्टल (२०१८), सूक्ष्मजंतू स्ट्रेप्टोमायसिस ग्रिसियस (२०१९), कुत्रा म्हणजे अंधांना वाट दाखवणारा सीइंग आय डॉग (२०२०). शाळेनं मागितली असेल तर यादी एका कोपऱ्यात छोट्या अक्षरांत द्या. खोलात जायला मी पुढची सुचवते.

गोल्डफिंच, कारण तो घरबसल्या बघता येतो. नर उन्हाळ्यात हळदीसारखा पिवळा, डोक्यावर काळी टोपी, पंख काळे. हिवाळ्यात तोच पक्षी मातकट हिरवट होतो आणि मुलं म्हणतात की पक्षी निघून गेले. गेलेले नसतात, वर्षभर इथेच असतात. म्हणून बोर्डवर दोन्ही रूपं काढा. खिडकीत बारीक छिद्रांचा फीडर टांगा आणि दुकानातून नायजर सीडची पिशवी आणा. पिशवी उघडून बघा, ओळखीचं काही दिसेल: ते आपले कारळे आहेत. चटणीचेच. गोल्डफिंचला ते फार प्रिय, आणि अमेरिकेत हे बी भारत, इथिओपिया अशा देशांतून येतं. इथे रुजू नये म्हणून आधी तापवून आणतात. डब्यात घरचे कारळे असतील तर दोन्ही शेजारी ठेवून फोटो काढा. मराठी घरातल्या मुलाच्या बोर्डवर हा फोटो शोभतो.

व्हायोलेट एप्रिल-मे महिन्यांत अंगणातल्या गवतातच मिळतं. बदामी आकाराची पानं, जांभळी पाच पाकळ्यांची फुलं. लोक तण म्हणून उपटतात. १९१३ साली विधिमंडळानं ठराव करून ते निवडलं, पण पक्का कायदा झाला १९७१ साली. मधली अठ्ठावन्न वर्षं ते कायद्यात नसतानाही राज्याचं फूल म्हणून चाललं. फूल जाड पुस्तकात टिपकागदात दाबून आठवडाभर ठेवलं की डकवता येतं. ओकचं पान शरद ऋतूत गोळा करा, पण बघून घ्या: रेड ओकच्या पानाची टोकं अणकुचीदार असतात आणि टोकाला केसासारखा काटा असतो. टोकं गोलसर असली तर तो व्हाइट ओक, तो दुसऱ्या राज्यांचा.

आता ती रेघेखालची माती. हॅड्रोसॉरस आणि ब्लूबेरी. वेळ द्यायचा तर इथे द्या.

सुमारे आठ कोटी वर्षांपूर्वी हे किनारी मैदान समुद्राखाली होतं. त्या समुद्रतळाची हिरवट माती, मार्ल, एकोणिसाव्या शतकात इथले शेतकरी खत म्हणून खणून काढत. हॅडनफील्ड गावात जॉन हॉपकिन्स या शेतकऱ्याच्या मार्लच्या खाणीत १८३८ च्या सुमारास मोठाली हाडं निघाली. लोक बघायला आले, काही हाडं कुणी कुणी घेऊन गेले आणि विषय संपला. वीस वर्षांनी, १८५८ साली, विल्यम पार्कर फाउल्क या गृहस्थांच्या कानावर ती हकीकत आली. त्यांनी हॉपकिन्सच्या परवानगीनं जागा पुन्हा खणली आणि पाय, कंबर, मणके, दात असा सांगाडा हाती आला. तोवर जगात कुठेच एका डायनासोरची इतकी हाडं एकत्र मिळाली नव्हती. फिलाडेल्फियाचे शास्त्रज्ञ जोसेफ लायडी यांनी हाडं मोजली. पुढचे पाय मागच्यांपेक्षा पुष्कळ आखूड. त्यावरून त्यांनी सांगितलं की हा प्राणी मागच्या दोन पायांवरही उभा राहत असला पाहिजे. तोपर्यंत डायनासोर म्हणजे चार पायांचा अवजड सरडा अशी कल्पना होती. १८६८ साली फिलाडेल्फियात हा सांगाडा उभा करून लोकांना दाखवला. जगात उभा केलेला पहिला डायनासोर. कवटी सापडलीच नव्हती, म्हणून डोकं अंदाजानं घडवलं. नावात फाउल्क आहेत: हॅड्रोसॉरस फाउल्की.

आणि तो राज्याचा डायनासोर कसा झाला? हॅडन टाउनशिपमधल्या एका प्राथमिक शाळेच्या शिक्षिका आणि त्यांचे विद्यार्थी यांनी वर्षानुवर्षं मागणी लावून धरली, तेव्हा १९९१ साली कायदा झाला. मुलाला ही हकीकत दोन टप्प्यांत सांगा. आधी हाडांची, मग मुलांची. दुसरी ऐकताना त्याचा चेहरा बघा.

ब्लूबेरीची गोष्ट त्याच मैदानातली, थोडी पूर्वेला, पाइन बॅरन्स नावाच्या पाइनच्या जंगलात. तिथली माती रेताड आणि आम्लधर्मी. गहू-मका तिथे धड येत नाही, म्हणून पूर्वीच्या लोकांनी ती जमीन टाकाऊ ठरवली. ब्लूबेरी तेव्हा फक्त रानात वेचत, शेतात कुणाला जमत नव्हती. सरकारी वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रेडरिक कोव्हिल यांनी प्रयोग करून दाखवलं की या झुडपाला आम्लधर्मी मातीच लागते. व्हाइट्सबॉग इथल्या क्रॅनबेरीच्या मळ्यातल्या एलिझाबेथ व्हाइट यांनी ते वाचलं आणि कोव्हिलना कळवलं की आमची जमीन वापरा. मग त्यांनी जंगल पायाखाली घालणाऱ्या स्थानिक लोकांना कामाला लावलं. प्रत्येकाला एक पट्टी दिली, तिला ठरावीक मापाचं भोक, एका इंचाचे पाच-अष्टमांश. ज्या झुडपाची फळं त्या भोकातून पडणार नाहीत ते दाखवा आणि पैसे घ्या. अशी निवडलेली झुडपं एकमेकांशी संकरित करत १९१६ साली लागवडीच्या ब्लूबेरीचं पहिलं पीक बाजारात गेलं. आज दुकानात डबीभर मिळणाऱ्या ब्लूबेरीचा उगम तिथे आहे.

ही पट्टी घरी करून बघा. जाड पुठ्ठ्याला १६ मिलिमीटरचं भोक पाडा आणि जुलैत आणलेली एक डबी त्यातून एकेक करत घाला. अडकलेली किती, पडलेली किती, ते वहीत मांडा. प्रोजेक्टमध्ये मुलाचा स्वतःचा प्रयोग आला की शिक्षकांना त्याचं मोल कळतं. ब्लूबेरीला राज्याचं फळ करा ही मागणी ब्रिक गावातल्या चौथीच्या मुलांनी केली होती. चौथीच्या!

मधमाशीचीही तशीच. जून १९७४ मध्ये हॅमिल्टन टाउनशिपच्या सनीब्रे शाळेतली मुलं ट्रेंटनला विधिमंडळापुढे गेली आणि मधमाशीला राज्याचा किडा करा असं त्यांनी सांगितलं. ते ऐकलं गेलं.

सूक्ष्मजंतूचं प्रतीक लहान मुलांना रुक्ष वाटतं, पण आपल्याकडच्या वडीलधाऱ्यांना तसं वाटणार नाही. स्ट्रेप्टोमायसिस ग्रिसियस हा मातीतला जिवाणू. १९४३ साली रटगर्स विद्यापीठात आल्बर्ट शाट्झ या संशोधक विद्यार्थ्यानं त्यातून स्ट्रेप्टोमायसिन वेगळं काढलं. शोधनिबंधावर त्याच्याबरोबर एलिझाबेथ ब्यूगी आणि प्राध्यापक सेल्मन वॅक्समन यांची नावं होती. १९५२ चं नोबेल पारितोषिक एकट्या वॅक्समन यांना मिळालं. क्षयावर गुण देणारं हे पहिलं प्रतिजैविक. माझे एक काका मिरजेला याच इंजेक्शनांवर बरे झाले. त्याआधी क्षय म्हटलं की घरात रडारड सुरू व्हायची. तुमच्या घरीही अशी कुणाची आठवण असेल. ती मुलाला सांगा, आणि मग सांगा की ते औषध जिथे सापडलं ते न्यू ब्रन्सविक इथून गाडीनं किती जवळ आहे.

जे कायद्यात नाही ते वेगळं ठेवा

इंटरनेटवरच्या याद्यांत लोकांचं बोलणं आणि कायदा यांची सरमिसळ असते. बोर्डवर एक वेगळा रकाना करा: लोक मानतात, कायदा नाही.

त्यात पहिलं राज्याचं गीत. न्यू जर्सीला अधिकृत गीत नाही. १९७२ साली विधिमंडळानं एक गीत मंजूर केलं होतं, गव्हर्नर विल्यम केहिल यांनी सही केली नाही. 'गीत नसलेलं एकमेव राज्य' असं वाक्य सगळीकडे दिसतं, ते आता उतरवू नका. मेरीलँडनं २०२१ साली आपलं जुनं गीत रद्द केलं आहे.

दुसरं 'गार्डन स्टेट' हे नाव. १८७६ साली फिलाडेल्फियाच्या प्रदर्शनात कॅम्डेनचे एब्रहम ब्राउनिंग म्हणाले की न्यू जर्सी म्हणजे खाण्याच्या चांगल्या वस्तूंनी भरलेलं, दोन्ही तोंडं उघडी असलेलं पिंप आहे. एकीकडून पेनसिल्व्हेनियावाले हात घालतात, दुसरीकडून न्यूयॉर्कवाले. तिथून ते नाव चिकटलं असं सांगतात. १९५४ साली गाड्यांच्या नंबरप्लेटवर ते घालायचं विधेयक आलं तेव्हा गव्हर्नर रॉबर्ट माइनर यांनी नकार दिला, कारण या नावाला अधिकृत मान्यता कुठे दिसत नव्हती. विधिमंडळानं त्यांचा नकार बाजूला सारून कायदा केला. म्हणून नंबरप्लेटवर ते आजही आहे. आपल्या गाडीच्या प्लेटचा फोटो मुलानंच काढावा, नंबर झाकून.

तिसरा जर्सी टोमॅटो. त्याला राज्याची भाजी करण्याची विधेयकं आली, झालं काही नाही. फळ की भाजी हा वाद मात्र मुलांना खूप आवडतो. आयातकराच्या एका खटल्यात १८९३ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं टोमॅटोला भाजी ठरवलं आहे.

खात्री करायची असेल तर राज्याच्या कायद्यांचा ५२ वा भाग बघा, झेंडा, मुद्रा आणि प्रतीकं तिथे आहेत. ते जमलं नाही तर गावच्या लायब्ररीत मुलांच्या विभागातल्या ग्रंथपालांना विचारा. इथले ग्रंथपाल अशा प्रश्नाला मनापासून उत्तर देतात. आपलं इंग्रजी कसं आहे याचा विचार करत थांबू नका.

बोर्ड आणि बोलणं

तीन घड्यांचा बोर्ड आणा. मध्ये नकाशा, डावीकडे झेंडा आणि सालं, उजवीकडे निवडलेली तीन प्रतीकं. हस्ताक्षर मुलाचंच हवं. आपल्या सुबक अक्षरात किंवा प्रिंटरवर केलेला बोर्ड लांबून ओळखू येतो आणि मुलाला त्याच्यापुढे उभं राहताना ते जाणवतं. वाकडी अक्षरं राहू द्या. शुद्धलेखन तेवढं तपासा.

बोलण्यासाठी छोट्या कार्डांवर पूर्ण वाक्यं लिहू नका, पाच-सहा शब्द लिहा. मूल वाचायला लागलं की वर्ग ऐकायचं थांबतो. घरी सराव मराठीत करून घ्या. जे मराठीत सांगता येतं ते त्याला समजलेलं असतं. पाठ केलेलं असेल तर तिथेच अडखळतं.

जमलं तर ट्रेंटनला एक फेरी मारा. स्टेट हाउस, म्हणजे विधिमंडळाची इमारत, १७९२ पासून वापरात आहे, घुमट सोनेरी, आणि आत फिरवून माहिती देतात. जाण्याआधी वेळ ठरवून घ्या. राज्याचं संग्रहालय चालत जाण्याइतकं जवळ आहे. सभागृहाच्या गॅलरीत मुलाला बसू द्या आणि सांगा की मधमाशीसाठी आलेली मुलं याच इमारतीत आली होती.

प्रोजेक्ट शाळेत देऊन झाला की मुलं विचारतात, मग आम्ही काय मागू शकतो? माझ्या ओळखीच्या एका मुलाला राज्याचा कोळी (किडा) हवा होता. अशा वेळी त्याला पत्र लिहायला बसवा. राज्याचे ४० मतदारसंघ आहेत, प्रत्येकाचा एक सेनेटर आणि असेंब्लीचे दोन सदस्य. आपल्या पत्त्यावरून ते कोण हे विधिमंडळाच्या संकेतस्थळावर सापडतं. पत्र एका पानाचं असावं: काय हवं, ते न्यू जर्सीत कुठे आढळतं, आणि इतर कुणाऐवजी हेच का. एक चित्र सोबत. तिघांना तीन वेगळी पत्रं, हातानं लिहिलेली, आणि शिक्षकांची परवानगी घेऊन उत्तरासाठी शाळेचा पत्ता.